पान उलटणारा

"मग पहिला नंबर कोणाला द्यायचा, बाई?"

एस्तेरबाई बशीतला चहा संपवत होत्या.

"बुडापेस्ट की लंडन, एवढंच सांगा. तुमचा शब्द मी शेवटचा मानीन."

बाईंनी बशी खाली ठेवली, पदराने ओठ टिपले.

"नानकटाई घ्या," त्या म्हणाल्या.

विचारणारे गृहस्थ पुण्याचे होते. नाव हेमचंद्र कारखानीस. पाश्चात्त्य संगीतावर पंचवीस वर्षं लिहीत आलेले, आणि आपण लिहितो ते लोक वाचतात याची पुरेपूर कल्पना असलेले. सध्या ते शूबर्टच्या एका ट्रायोवर पुस्तक लिहीत होते. ट्रायो म्हणजे पियानो, व्हायोलिन आणि चेलो अशा तिघांनी मिळून वाजवायची रचना. या एकाच ट्रायोची एकतीस रेकॉर्डिंगं त्यांनी जमवली होती. ती सगळी शेजारी शेजारी ठेवून, घड्याळ लावून, एकेक सूर तपासून त्यांनी क्रम लावला होता.

तीनपासून एकतीसपर्यंत सगळे नंबर ठरले होते. पहिल्या दोन जागा वहीत कोऱ्या होत्या, कारण बुडापेस्टचं रेकॉर्डिंग वर की लंडनचं, ते ठरत नव्हतं.

मग कोणीतरी त्यांना सांगितलं, की नगरला मिशन कंपाउंडात एक म्हाताऱ्या बाई आहेत आणि त्या हाच ट्रायो दर रविवारी उपासनेनंतर वाजवतात. एकेचाळीस वर्षं, दुसरं काही नाही. म्हणून ते सकाळच्या गाडीने आले होते.

मी भिंगारदिवे. पोस्टातून निवृत्त झालो. बाईंबरोबर व्हायोलिन वाजवतो, आणि बरं वाजवतो असं बाई सोडून सगळे म्हणतात.

आमच्यातला तिसरा, याकोब साळवे, मिशनच्या शाळेत सुतारकाम शिकवायचा. तो चेलो वाजवायचा, म्हणजे बसून गुडघ्यांत धरायचं मोठं, खालच्या आवाजाचं व्हायोलिन. गेल्या ऑगस्टात तो गेला.

त्याची खुर्ची आम्ही हलवलेली नाही. समोरच्या स्टँडवर त्याच्या वाट्याच्या सुरांचा कागद उघडाच असतो. बाई आणि मी आपापलं वाजवतो आणि याकोबची जागा आली की ती तशीच मोकळी जाऊ देतो. दुसरा कोणी बघू या का, असं मी एकदा म्हणालो होतो. बाईंनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यानंतर तो विषय मी पुन्हा काढला नाही.

"तुम्ही ऐकून तरी बघा," कारखानीस म्हणाले. त्यांनी पिशवीतून एक छोटा स्पीकर काढला आणि नानकटाईच्या ताटलीशेजारी ठेवला. "दुसरा भाग. पहिल्या आठच ओळी."

दुसरा भाग संथ आहे. आधी पियानो एकटाच पावलं टाकतो. मग त्या पावलांवर चेलोची धून येते.

त्यांनी एकामागून एक तीन रेकॉर्डिंगं लावली. बाई डोळे मिटून ऐकत होत्या.

"बुडापेस्टचा चेलोवाला बघा, दुसऱ्या सुरावर किंचित रेंगाळतो. लंडनचा रेंगाळत नाही, पण आवाज आत ओढून घेतो. आणि तिसरा घाईत आहे. त्याचा दोष नाही, जुन्या तबकडीच्या एका बाजूत मावायला हवं होतं."

खरं सांगतो, मी थक्क झालो. एकेचाळीस वर्षांत मला जे कळलं नव्हतं, ते या माणसाने आठ ओळींत दाखवलं. मनात म्हटलं, भिंगारदिवे, तुझे कान नुसते चष्मा अडकवायला आहेत.

बाईंनी डोळे उघडले.

"फार तयार कान आहे तुमचा," त्या म्हणाल्या. "एवढा तयार कान मी पाहिलेला नाही."

बाई खोटी स्तुती करत नाहीत. माझी तर खरीही करत नाहीत.

कारखानीस जरा फुलले.

"आणि मग?" बाईंनी विचारलं.

"मग काय?"

"एवढं सगळं ऐकू येतं. मग पुढे काय होतं?"

कारखानीसांनी स्पीकर बंद केला. तो पिशवीत परत ठेवला.

"काही होत नाही," ते म्हणाले.

...

"पूर्वी हा भाग लागला की मला उठून गॅलरीत जावं लागायचं. घरात माणसं असायची, त्यांच्यासमोर रडायची लाज वाटायची. आता..." ते थांबले. "आता मला फक्त फरक ऐकू येतात, बाई. कोण रेंगाळला, कोण धावला. तीन वर्षं झाली. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. पहिला नंबर ठरत नाही तो दोन्ही चांगली आहेत म्हणून नव्हे. मला आता कुठलंच आवडत नाही म्हणून."

बाहेर चिंचेखाली कोणीतरी सायकल लावली. उपासनेहून परतणाऱ्यांची बोलणी ऐकू येत होती.

मला वाटलं, बाई आता काहीतरी मोलाचं बोलतील. इतक्या लांबून आलेला माणूस, इतकं मनातलं बोललेला.

बाईंनी विचारलं, "पान उलटता येतं का तुम्हाला?"

"पान?"

"मी वाजवताना. माझे हात गुंतलेले असतात."

कारखानीसांचा चेहरा पडला. पंचवीस वर्षं लिहिणाऱ्या माणसाला हे काम म्हणजे स्वयंपाक्याला ताटं मांडायला सांगण्यासारखंच. पण ते सभ्य होते.

"येतं," ते म्हणाले. "नुसतं येतं असं नाही, हा ट्रायो मला पाठ आहे."

"मग बरंच झालं," बाई म्हणाल्या.

बाईंना पान उलटायला माणूस लागत नाही, हे मला एकेचाळीस वर्षं ठाऊक आहे. मी गप्प बसून व्हायोलिन लावून घेतलं.

बाईंचा पियानो मिशनचा, जुना. उन्हाळ्यात लाकूड तडकू नये म्हणून त्याच्या पोटात पाण्याने भरलेला तांब्या ठेवतात. बाईंनी वाकून तांब्या पाहिला, मग स्टुलावर बसल्या. कारखानीस त्यांच्या डाव्या हाताला बसले. पियानोवाल्याच्या पुस्तकात तिघांचंही छापलेलं असतं. आमच्या कागदावर फक्त आपापलं.

बाईंनी माझ्याकडे बघून मान हलवली आणि आम्ही पहिला भाग सुरू केला.

कारखानीस सुरेख पान उलटत होते. अगदी वेळेवर, आवाज न करता. त्यांनाही ते आवडत असावं, मान ताठ होती.

मग ती जागा आली. पहिल्या भागात बऱ्याच पुढे गेल्यावर पुस्तकात खूण आहे: दोन रेघा आणि दोन ठिपके. तिथून मागे जायचं आणि सुरुवातीपासून सगळं पुन्हा वाजवायचं.

बाईंचे हात मागे गेले. कारखानीसांच्या हाताने पान पुढे उलटलं.

आम्ही सुरुवात वाजवतोय आणि समोर भलतंच पान. कारखानीस गडबडले. त्यांनी एक पान मागे घेतलं, मग चार, मग पुन्हा एक पुढे. कानशिलं लालबुंद झाली. बाई पुस्तकाकडे बघतच नव्हत्या. त्या वाजवत राहिल्या आणि भाग संपला.

"माफ करा," कारखानीस म्हणाले. "बुडापेस्टवाले तिथून मागे जात नाहीत."

"बरं."

"एकतिसांपैकी अठरा जण जात नाहीत. तबकडीत जागा नसायची."

"बरं."

"शिवाय तुमच्यात चेलो नाही. त्या मोकळ्या जागांत मला मनात कोणाचातरी चेलो धरावा लागत होता."

"कोणाचा धरलात?"

"बुडापेस्टचा. मला सगळ्यांचे पाठ आहेत."

बाईंनी याकोबच्या खुर्चीकडे पाहिलं. मीही पाहिलं.

"दुसरा भाग," बाई म्हणाल्या.

पियानोची पावलं सुरू झाली. एकसारखी, जड. रस्ता लांब आहे आणि थांबता येत नाही, अशी. माझी पाळी पुष्कळ नंतर येते, तोवर व्हायोलिन मांडीवर. पावलांमागून चेलो यायचा तिथे काही येत नाही. सात महिने असंच चाललंय. या जागी मी खिडकीबाहेर चिंचेकडे बघतो, कारण खोलीत बघवत नाही. चालणारा गेला आणि पावलं तेवढी उरली, असं वाटतं. बाई ती पावलं दर रविवारी वाजवतात. कशा वाजवतात, ते त्याच जाणोत.

आजही मी चिंचेकडे पाहिलं.

आणि मला आवाज ऐकू आला.

आधी वाटलं, बाहेरून येतोय. मग वळून पाहिलं. कारखानीस गुणगुणत होते.

आवाज वाईट होता. घोगरा, अडखळता, जन्मात कधी न गायलेल्या माणसाचा. बहुतेक आपण गुणगुणतोय हे त्यांना ठाऊकही नव्हतं. नजर पुस्तकातल्या चेलोच्या ओळीवर होती आणि ओठ जेमतेम हलत होते. पण धून पुरी होती. जिथे ती वर चढते तिथे ते चढले, जिथे खाली येते तिथे आले.

एका लांब ओळीच्या मध्येच त्यांचा श्वास संपला.

चेलोला श्वास लागत नाही. याकोब ती ओळ एका दमात पार करायचा. एकतीस रेकॉर्डिंगांत कोणी तिथे थांबलं नसणार.

बाई थांबल्या. हात पियानोवरच, पण पुढचं पाऊल पडलं नाही.

...

कारखानीसांनी श्वास घेतला. बाईंनी पाऊल टाकलं. दोघं पुढे निघाले.

मी व्हायोलिन मांडीवर घट्ट धरून बसलो होतो. सात महिन्यांनी त्या जागेतून कोणीतरी चाललं होतं. मला याकोबची इतकी आठवण आली, की नाक ओढायचंही सुचेना.

पान संपत आलं. शेवटची ओळ आली. कारखानीसांचा हात मांडीवरच राहिला.

पहिल्या भागात समोर भलतं पान असताना बाई थांबल्या नव्हत्या. आता त्यांनी हात उचलून घेतले.

पावलं बंद झाली. कारखानीसांचा आवाज तेवढा एकटाच आणखी तीन-चार सूर पुढे गेला. मग त्यांच्या लक्षात आलं.



"पान..." ते म्हणाले. "पान राहिलं. माफ करा, बाई."

त्यांनी चष्मा काढला. डोळे पुसले, पुन्हा भरले, पुन्हा पुसले. या वेळी ते उठून कुठे गेले नाहीत.

"कोणाचा चेलो होता?" बाईंनी विचारलं.

"कुठे?"

"आत्ता. बुडापेस्टचा?"

कारखानीस विचार करू लागले. तेवढा तयार कान, पण त्याला सापडेना.

"नाही."

"लंडनचा?"

"नाही." त्यांनी पुस्तकातल्या त्या लांब ओळीवर बोट ठेवलं. "मी तिथे थांबलो ना... तसं कोणीच थांबत नाही. कोणाचा ते मला ठाऊक नाही."

बाईंनी डावा हात नुसता लांब केला आणि पान मागे उलटलं, दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला. ते त्यांनी इतक्या सहज केलं, की कारखानीस बघतच राहिले.

"तुम्हाला पान उलटायला कोणी लागतच नाही," ते म्हणाले.

बाईंनी होकाराची मान हलवली.

"मग मला कशाला बसवलंत? साधं पान उलटायचं काम, त्यात मी दोनदा चुकलो."

बाईंनी मला व्हायोलिन उचलायची खूण केली. हात पियानोवर ठेवले. एक सांगायचं राहिलं, बाई शहरातल्या कलेक्टरपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना अहो-जाहो करतात. अरे-तुरे फक्त त्यांच्याबरोबर वाजवणाऱ्यांना. आजवर असे आम्ही दोघेच होतो, मी आणि याकोब.

"पहिली चूक तुझ्या रेकॉर्डची होती," बाई म्हणाल्या. "ही तुझी. चल, पुन्हा कर."