शिकवणाऱ्याच्या बाजूचा क्लच

एका तालुक्याच्या गावात अनंतराव नावाचे गृहस्थ लोकांना मोटार चालवायला शिकवत. शिकवत मन लावून, पण जीभ तिखट. त्यांच्या गाडीत क्लच आणि ब्रेकच्या दोन जोड्या होत्या. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरी त्यांच्या. कुणी चुकलं की ते आपल्या बाजूचा क्लच खाडकन दाबत आणि वर चार शब्द सुनावत.

त्यांच्याकडे रत्नप्रभाबाई शिकायला आल्या. पन्नाशी उलटलेली. नवऱ्याची नजर अधू झाली होती आणि उपचारांसाठी त्यांना दर आठवड्याला शहरात न्यावं लागे. गाडी दारात उभी होती, चालवणारं कुणी नव्हतं.

बाई क्लच हळूच सोडत, तरी गाडी गचका देऊन बंद पडे. रोज तेच.

"सर, पेडल मध्येच अडकतंय. मग एकदम वर येतंय," बाई म्हणाल्या.

"पेडल नाही, तुमचा पाय अडकतोय. सगळ्यांनाच जमतं असं नाही. सोडून द्या."

बाईंनी मान खाली घातली. दुसऱ्या दिवसापासून त्या आल्याच नाहीत.

पुढे ट्रॅक्टर चालवणारा एक जण शिकायला आला. क्लच त्याच्या रोजच्या सवयीचा. त्याच्याकडूनही गाडी तशीच बंद पडली. अनंतराव ओरडणार होते, ते थांबले. त्याला उतरवून स्वतः त्या जागी बसले. कित्येक महिन्यांत ते त्या बाजूला बसले नव्हते. गाडी काढायची नि लावायची, तीही शिकणाऱ्यांनीच. त्यांनी पेडल दाबून सोडलं. ते अर्ध्यात अडकलं आणि मग उसळून वर आलं.

गॅरेजवाल्या युसूफभाईंनी आधी केबल पाहिली. ती ठीक होती. मग दोन्ही क्लच जोडणारा दांडा सोडवला, तसं पेडल अलगद वर आलं.

"दांडा वाकलाय, सर. तुमच्या बाजूनं. जोरात दाबून दाबून."

दांडा बदलला. गोष्ट तिथंच मिटली असती, गावात कुणाला कळलंही नसतं. पण अनंतरावांना चैन पडेना. ते बाईंच्या घरी गेले आणि नवऱ्यासमोरच म्हणाले, "बाई, तुमचा पाय बरोबर होता. गाडी माझ्या पायानं बिघडली होती. तुम्ही सांगितलंत, मी ऐकलं नाही."

नवरा हळूच म्हणाला, "मीही हिला म्हणालो होतो, नसेल जमत तर राहू दे. आता ते मलाही मागं घ्यावं लागेल."

बाई म्हणाल्या, "येते मी. पण पुन्हा कुणी अडकतंय म्हणालं, तर आधी वाकून बघायचं, सर."

परवाना हाती आला, त्याच आठवड्यात बाई नवऱ्याला शेजारी बसवून शहराच्या रस्त्याला लागल्या.

तात्पर्य: शिकणाऱ्याला दोष देण्याआधी त्याच्या जागी बसून पाहावं, आणि चूक आपली निघाली, तर ज्याला बोललो त्याच्या दारी जाऊन ती कबूल करावी.