आबांची शेवटची कूस

“मेलेल्या माणसाला ऐकू येतं का, सिस्टर?”

कांचनने हे विचारलं नव्हतं, सुनावलं होतं.

सिस्टर सलोमींनी मान वर केली नाही. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात, याच पुरुष वॉर्डात त्यांची एकतीस वर्षं गेली होती. खाटेभोवती हिरवा पडदा ओढलेला. दुपारचे दोन, तरी आत अंधारून आल्यासारखं वाटत होतं. खाटेवर रंगनाथआबा. तासाभरापूर्वी गेलेले.

“आबा, तोंड पुसते हं,” सिस्टर वाकून म्हणाल्या, आणि थांबल्या…

पलीकडून होकार यायचा असावा, तशा थांबल्या. मग पुसलं.

कांचनच्या अंगावर काटा आला. रागही आला. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षात पहिली आलेली पोर, नाकावर माशी बसू द्यायची नाही. आज तिच्या गालावर पाच बोटं उमटली होती. “तुम्हीच मारलंत माझ्या बापाला,” म्हणत आबांच्या मुलाने भर वॉर्डात तिच्या थोबाडीत दिली होती.

गाल ठणकत होताच. पण चाळीस माणसं नुसती बघत राहिली, ते तिला जास्त लागलं होतं.

“तक्रार लिहून दिलीय मी,” सिस्टर म्हणाल्या. “पोलीस घेऊन गेले त्याला.”

“आता माझ्या अर्जावरही सही करा. कोर्स सोडतेय मी.”

“करते. हात ओले आहेत… ये, कूस वळवू यांची. आधी त्यांना सांग.”

“मी? ज्याच्या पोराने मला मारलं, त्याच्या मढ्याशी बोलू?”

“बरं. नको बोलूस.”

दोघींनी आबांना कुशीवर घेतलं. पाठ अजून उबदार होती.

आणि आबांच्या छातीतून एक लांब उसासा बाहेर पडला…

“दुखलं का, आबा?”

कोण बोललं? कांचनने सिस्टरांकडे पाहिलं. त्यांचे ओठ मिटलेले होते. मग तिला आपला हात दिसला. तो आबांच्या पाठीवरून हळूहळू फिरत होता.

उरलेली हवा असते ती, देह हलवला की निघते. पुस्तकातलं सगळं तिला आठवलं, पण नंतर आठवलं. हात काही थांबेना.

पडद्यापलीकडे मघापासून कुणीतरी खोकत होतं. ते आता बंद झालं.

“सिस्टर… सही…” कांचन म्हणाली.

सिस्टर सलोमींनी हात कोरडे केले. तिच्या एप्रनच्या खिशातला अर्ज काढून उलगडला, पेनचं टोपण उघडलं.

“करते, बाळ. आधी आबांचं उत्तर ऐकून घे.”