बांधापाशी अडलेले मासे

शूर्पारक नगरावर भद्रकेतू राजाचे छत्र होते, त्या काळी बोधिसत्त्वांनी तिथल्या अमात्याच्या घरी जन्म घेतला होता. त्यांचे नाव उत्पल. वडिलांच्या मागून अमात्यपद त्यांच्याकडे आले. ते थोडे बोलत आणि बोलण्याआधी पुष्कळ वेळ पाहत.

राजाची राणी तगरा ही सह्य पर्वतातल्या एका वनप्रमुखाची मुलगी. लग्नानंतर काही वर्षांनी तिला मुलगी झाली, पण बारशाआधीच ते लेकरू गेले. तगरा रडली नाही. पुढे आणून ठेवले तर जेवायची, विचारले तर उत्तर द्यायची, आणि उरलेला दिवस गवाक्षाशी बसून काढायची. राजाने वैद्य बोलावले, गायक बोलावले. वैद्यांनी काढे दिले, गायकांनी गाणी म्हटली, ती सगळ्यांना नमस्कार करून पुन्हा गवाक्षाशी जाऊन बसली.

एके दिवशी दुपारी राजा तिच्याजवळ जमिनीवरच बसला. म्हणाला, "तगरे, काहीतरी माग. काहीही."

तिने गवाक्षावरून नजर काढली. मग ती म्हणाली, "आमच्या ओढ्याचं पाणी बघावंसं वाटतं."

"ओढ्यात असं काय आहे?"

"मासे आहेत." आणि कितीतरी महिन्यांनी ती आपणहून बोलू लागली. "खळाळत्या पाण्यात मळ्या असतो, दगडाला तोंडाने घट्ट धरून बसतो. वाळूत मुरी, नुसते डोळे वर. पडलेल्या खोडाखाली शिंगटी. काठाच्या मुळ्यांत वाम. डोहात मरळ, पोरं सांभाळत फिरते. आणि सावलीतल्या पाण्यात लाल पराचा एक एवढासा मासा असतो, त्याला आई 'कुंकवाचा' म्हणायची. एवढासा ओढा, उडी मारून ओलांडता येईल, पण त्यात सगळे असतात."

राजाला आनंद आवरेना. राणीला ओढ्याकडे पाठवण्यापेक्षा ओढाच राणीकडे का आणू नये, असे त्याला वाटले. त्याने मंडन नावाच्या स्थपतीला बोलावले. मंडनाचा हात कुशल होता. त्याने राजोद्यानात घडीव दगडांचा पाट बांधला. पाट सरळ होता, त्याचा तळ आरशासारखा होता आणि त्यावर दिवसभर ऊन चमके. डोंगरातून घागरींत घालून मासे आणले आणि पाटात सोडले. तगरा रोज तिथे जाऊन बसू लागली.

पण मासे टिकेनात. मळ्यांना धार मिळेना, मुरींना वाळू मिळेना. उन्हाने पाणी तापे, आणि लपायला एक पानही नव्हते. मरळीने लहानग्यांना गिळले. ऋतू पालटला तेव्हा त्या लांबच लांब पाटात एकटी मरळ तेवढी फिरत होती. तगरा म्हणाली, "बिचाऱ्यांना आणायलाच नको होतं," आणि त्यानंतर ती उद्यानात गेली नाही.

राजाने हाय खाल्ली नाही. त्याने सभेत सांगितले, "ओढा इथे येत नसेल तर आपण ओढ्यापाशी जाऊ. तिथे राणीसाठी वाडा उभा राहील. ओढा स्वच्छ करा, झाडी मोकळी करा, आणि तो नदीला मिळतो तिथे बांध घाला, म्हणजे वाड्यासमोर बारमाही तळं राहील. उत्पल, देखरेख तुमची. काम पुरं झालं की तो सगळा मुलूख तुमच्या कुळाला दिला."

सभेने जयघोष केला. बोधिसत्त्व एवढेच म्हणाले, "महाराज, आधी मला तो ओढा पाहू द्या."

थंडीच्या दिवसांत सगळे डोंगरात गेले. छावणी पडली. बोधिसत्त्व सकाळी ओढ्याकाठी जात आणि एकाच जागी बसून राहत. तगराही हळूहळू तिकडे येऊ लागली. आधी दूर बसे, मग जवळ. ती माशांची नावे सांगे आणि बोधिसत्त्व पाण्यात पाहून तिला विचारत.

एकदा ते म्हणाले, "देवी, मी धबधब्याच्या वर जाऊन आलो. तिथं पाणी असंच आहे, पण मळ्याशिवाय फारसं कुणी नाही. खाली यावं तसे प्रकार वाढत जातात, आणि नदीच्या तोंडाशी सगळ्यांत जास्त. असं का?"

"वरती कड्यावरून कोण चढून जाणार?" तगरा म्हणाली. "मळ्या दगड धरत धरत चढतो. बाकीचे नदीतून येतात. आई सांगायची, उन्हाळ्यात ओढा आटतो, कितीतरी मरतात, मग पावसात नदी पुन्हा माणसं पाठवते. माशांना ती माणसंच म्हणायची."

बोधिसत्त्व हसले. तेवढ्यात वरच्या फांदीवरून एक मुंगळा पाण्यात पडला. पाणी हलले आणि मुंगळा नाहीसा झाला. मागोमाग उंबराचे पिकलेले फळ पडले, त्याच्याभोवती दुसरेच मासे जमले. कुजक्या पानांच्या थरातून तिसऱ्याच कुणाची तरी शेपटी दिसली.

"म्हणजे हा ओढा एक नाहीच," ते म्हणाले. "धारेचा ओढा वेगळा, डोहाचा वेगळा, खोडाखालचा वेगळा. दर दहा पावलांवर वेगळं घर. झाड वरून जेवायला घालतं, सावली धरतं, आणि मेल्यावर आडवं पडून आसरा देतं. आणि खाली नदीचं दार उघडं आहे. यातलं काय काढलं म्हणजे ओढा स्वच्छ होईल, ते मला कळत नाही."

तेच त्यांनी राजाला सांगितले. राजा ऐकत होता, पण त्याचे डोळे वाड्याच्या पायासाठी आखलेल्या खुणांवर होते. तो म्हणाला, "उत्पल, माझी राणी हसलेली तुम्हाला बघायची नाही का?"

बोधिसत्त्वांनी हात जोडले. "बघायची आहे, महाराज. म्हणूनच हे काम माझ्या हातून व्हायचं नाही. ते दुसऱ्याला द्या, मुलूखही त्याला द्या. मला फक्त इथं ओढ्याशी राहू द्या."

राजाला राग आला, पण त्याने राहू दिले. काम मंडनाकडे गेले.

तगराने हे सारे ऐकले होते. उठून सांगावे, 'अमात्य खरं बोलतात,' असे तिच्या ओठांवर आले. पण तिने राजाकडे पाहिले. तो राजवस्त्रे उतरवून, कंबर कसून, मजुरांबरोबर चिरे उचलत होता. त्याच्या तळहातांची सालटी निघाली होती. मुलगी गेली त्या दिवसापासून हा माणूसही रडलेला नाही, हे तिला तेव्हा पहिल्यांदा जाणवले. तो वाडा बांधत होता, कारण दुसरे काय करावे ते त्याला कळत नव्हते. तिच्याने त्याचा हात धरवेना. ती गप्प राहिली, आणि गप्प राहिल्याचे तिला रोज टोचत राहिले.

ओढ्यातली खोडे ओढून काढली. पानांचा गाळ उपसला. दोन्ही काठांची करंजे, जांभळी, उंबर तोडले. नदीच्या तोंडाशी काळ्या चिऱ्यांचा बांध चढला. उन्हाळा आला तेव्हा ओढ्यावर सावली उरली नव्हती. पाणी कोमट झाले, त्यावर हिरवे शेवाळ धरले, आणि मासे तोंड वर काढून उलटू लागले. बोधिसत्त्व पहाटेपासून घागरी भरभरून जिवंत सापडतील तेवढे मासे वरच्या, अजून झाडी असलेल्या डोहात नेऊन सोडत. तगरा त्यांच्या मागोमाग दुसरी घागर घेऊन चाले. ती रोज पाणी निरखत असे. कुंकवाचा मासा तिला कुठे दिसला नाही.

मग पाऊस आला आणि त्याने जम बसवला. बांधामागे तळे भरले, पाणी बांधावरून पांढरी चादर होऊन पलीकडे पडू लागले. राजाने तगराला बोलावणे पाठवले की तळे बघायला ये. ती निघाली, पण तळ्याकडे न जाता बांधाखाली उतरली. तिकडून वेगळाच आवाज येत होता. ओले कापड दगडावर आपटावे तसा.

नदीतले मासे वर निघाले होते.

दरवर्षी या दिवसांत ते ओढ्यात चढत आणि उथळ, शांत पाण्यात अंडी घालत. यंदा ते बांधापाशी येऊन अडले होते. मुरी, शिंगट्या, रुपेरी, पट्ट्यांचे, नाव नसलेले, शेकड्यांनी दाटले होते. एकामागून एक उडी घेत होते, चिऱ्यांवर आदळत होते, खाली पडत होते आणि पुन्हा उडी घेत होते. एका मासळीचे पोट अंड्यांनी तट्ट फुगले होते. ती उडाली, आपटली, पडली. तिच्या खवल्यांतून रक्त आले. ती पुन्हा उडाली.

बोधिसत्त्व छातीइतक्या पाण्यात उभे होते. उत्तरीयाची झोळी करून ते मासे धरत, बांधाच्या पायऱ्या चढत आणि पलीकडे सोडत. किती वेळ ते हे करत होते कोण जाणे, त्यांचे गुडघे सोलवटले होते. तगरा कडेच्या उथळ पाण्यात शिरली. तिने ती रक्ताळलेली मासळी ओंजळीत घेतली. तिचे पोट हाताला धडधडत लागले. तशीच ती त्या पाण्यात खाली बसली आणि तिला हुंदका फुटला. एकदा फुटला तो थांबेना. ती मोठ्याने, गावातल्या बाईसारखी, ऊर भरून रडली.

रडणे ऐकून राजा धावत आला. मागून मंडन आला. राजा बांधावरून ओरडला, "उत्पल! हे काय चाललंय? राणी का रडते?"

बोधिसत्त्व म्हणाले, "महाराज, या आया आहेत. आपल्या पोरांच्या घरी निघाल्यात. आपण दार लावलंय. बांध फोडू द्या. अपराध माझा, शिक्षा मला करा, पण आता फोडू द्या. दोन दिवसांनी फोडून उपयोग नाही."

मंडन म्हणाला, "महाराज, बांध गेला तर पाण्याचा लोंढा बांधालगत भरलेला वाड्याचा पाया घेऊन जाईल. सगळे श्रम मातीत जातील."

राजा कधी वाड्याच्या जोत्याकडे बघे, कधी पाण्याकडे. तगराने मान वर केली. "इकडे या," ती म्हणाली. राजा खाली उतरला, पाण्यात आला. तिने त्याचा सालटलेला तळहात धरून मासळीच्या पोटावर ठेवला.

"लागतंय का हाताला?"

राजाने होकाराची मान हलवली.

"मला वाडा नको होता हो," ती म्हणाली. "मला तुमच्याजवळ बसून रडायचं होतं. आपल्या बाळासाठी. तुम्ही सतत काहीतरी बांधत राहिलात, आणि तुमचे हात बघून मला बोलवेना. चूक माझीही आहे."

राजा तिच्याशेजारी त्या पाण्यातच बसला, तिच्या खांद्यावर कपाळ टेकले, आणि सगळ्यांदेखत रडला. मासे त्या दोघांच्या अंगावर आदळत होते. थोड्या वेळाने त्याने वर न बघताच म्हटले, "फोडा."

मजूर पुढे झाले, तसे मंडनाने एकाच्या हातातली पहार घेतली. "सरा बाजूला. बांधणाऱ्यालाच ठाऊक, कुठला चिरा आधी काढायचा." त्याने कडेचा चिरा असा सैल केला की पाणी एकदम न फुटता धार धरून वाहू लागले. मग दुसरा काढला, मग तिसरा. वाड्याचा पाया तरीही वाहून गेला. मंडनाने तिकडे एकदा पाहिले आणि पुन्हा पहार उचलली. वाट मोकळी झाली, आणि मासे त्या वाटेने वर गेले, एकमेकांना ढकलत, पाठी चमकवत, तिन्हीसांजेपर्यंत.

राजाने मुलूख पुन्हा बोधिसत्त्वांना देऊ केला. ते म्हणाले, "महाराज, द्यायचंच असेल तर आज्ञा द्या. या डोंगरातल्या कुठल्याही ओढ्याचं तोंड कुणी बांधू नये, आणि काठाच्या झाडाला कुऱ्हाड लावू नये. मला पोहोचलं म्हणून समजा."

तशी आज्ञा निघाली. उघड्या काठांवर करंज आणि उंबर लावले. पडलेले खोड पडले तिथेच राहू दिले. राजा-राणी दरवर्षी तिथे येत आणि पानांनी शाकारलेल्या झोपडीत राहत. मळ्या लवकर परतला, मुरी नदीतून आल्या, झाडे डोक्यावर गेली तसे सावलीतले मासेही दिसू लागले. कुंकवाचा मासा मात्र पुन्हा आला नाही. तगरा म्हातारी होईपर्यंत त्याला शोधत राहिली. गेलेले सगळेच परत येते असे नाही, हे तिला ठाऊक होते, तरी ती शोधत राहिली, आणि त्या शोधण्यात आता कडवटपणा नव्हता.

भिक्षूंपुढे ही कथा सांगून शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, तेव्हाच्या माणसांचा आजच्यांशी मेळ घातला. त्या वेळचा राजा भद्रकेतू म्हणजे आजचा भिक्षू सुदंत. राणी तगरा म्हणजे भिक्षुणी सोमिला, जी पोरक्या मुलांना जवळ घेऊन बसते. मंडन स्थपती म्हणजे विहाराच्या भिंती बांधणारा उपासक मणिभद्र. "आणि अमात्य उत्पल तो मीच होतो."

एका भिक्षूने विचारले, "भगवन्, आणि ते मासे?"

समोर बसलेल्या साऱ्यांवरून शास्त्यांची नजर फिरली. ते म्हणाले, "ते फार होते. तुमच्यापैकी कुणीही असेल. म्हणून कुणासाठीही दार लावू नका."

जे आपल्यासाठी मागत नाही आणि एवढ्याशा जिवाचीही वाट मोकळी करते, ते मन म्हणजे मैत्री. ही मैत्रीपारमितेची कथा आहे.