रुसल्या घरच्या तेलाची कहाणी

ऐका प्रभू येशू, तुमच्या दिव्याची कहाणी. बायांनो, वाती वळायच्या त्या वळा, पण कान इकडे द्या.

आटपाट बंदर होतं. तिथं एक कोळी होता, त्याचं नाव पास्कोल. त्याची बायको रेजीन, एकुलता एक लेक सांतान. बंदराच्या तोंडाशी मोठा खडक, खडकावर क्रूस. पास्कोलचा बाप तुफानात बुडता बुडता वाचला, तेव्हा देवाला बोलला, "तुझ्या क्रूसापाशी माझ्या घरचा दिवा रोज लागेल." मरताना त्यानं सुनेला जवळ बोलावलं. म्हणाला, "बाय, हा वसा आता तुझा. उतू नकोस, मातू नकोस." रेजीननं पदर डोक्यावर घेतला नि हो म्हटलं.

मग तिनं दिवा लावला. जाळी भरून मासळी आली. घरावर कौलं चढली. हातात पाटल्या आल्या. मग तिनं घरातच आल्तार, म्हणजे देवाची वेदी, मांडला, वर क्रूस लावला, पुढं चांदीचा दिवा ठेवला. मनाशी म्हणाली, देव तोच, क्रूस तोच, मग ओल्या खडकावर पाय घसरवत कशाला जायचं? तिनं वसा घरात आणला. प्रार्थना मात्र चुकवली नाही हो. गुडघे टेकून तासन्‌तास करायची.

इकडे काय झालं? शेजारचा इनास अंधारात बंदराकडे आला. दिवा दिसेना, खडक दिसेना. होडी आपटली नि फुटली. इनास पोहून वाचला, पण पोट भरायचं साधन गेलं. मग तो लोकांची जाळी विणायला बसला. त्याची बायको कातरीन, तिनं रेजीनशी बोलणं टाकलं. का टाकलं ते रेजीनला ठाऊक होतं. ती म्हणाली, "दर्याचं काम आहे, कुणाचा इलाज?" असं म्हणाली नि चांदीच्या दिव्यात आणखी तेल घातलं.

मग एके दिवशी पास्कोल लेकाला घेऊन दर्यावर गेला. सांतानची ती पहिलीच खेप. दिवस कलला, आभाळ भरलं, वारा सुटला. रेजीननं चांदीचा दिवा उचलला, खडकावर नेला, लावला. विझला. मग देवळातून मेणबत्ती आणली, लावली. विझली. मग माळ्यावरून सासऱ्याचा मातीचा दिवा काढला, पुसला, लावला. तोही विझला. रेजीन क्रूसाखाली बसून रडू लागली.

खडकाच्या कडेला एक म्हातारी कालवं फोडत होती. गावातली नव्हती. तिनं विचारलं, "बाय, का रडतेस?"

"देव माझा दिवा घेत नाही."

"देवाला कुठला आलाय अंधार? दिवा त्यानं दर्यावरच्या लेकरांसाठी मागितला होता. इथं कुणाची होडी फुटली गं?"

रेजीननं इनासच्या घराकडे बघितलं.

"त्या घरी जा. तेल माग. त्यांनी राजीखुशीनं दिलं तर दिवा राहील."

"माझा लेक बाहेर आहे. आधी दिवा लागू दे, मग जाते."

"आधी जा," म्हातारी म्हणाली नि पुन्हा कालवं फोडू लागली.

बायांनो, आपण असतो तर तिथंच हुज्जत घातली असती. रेजीन उठली, दोन्ही दिवे उचलले. लेक दर्यावर, नि आईनं दर्याकडे पाठ केली. केवढं काळीज लागलं असेल तिला.

कातरीन चुलीपाशी होती. रेजीन उंबऱ्याबाहेर गुडघ्यांवर बसली. म्हणाली, "कातरीनबाय, तुमची होडी मी फोडली. वसा माझा होता, मी टाकला. हा चांदीचा दिवा मोडा, या पाटल्या मोडा, नवी होडी बांधा. नि मला थोडं तेल द्या."

कातरीन म्हणाली, "त्या दिवशी तुझ्या खिडकीत दिवा जळत होता. मी बघितला होता."

"होय. जळत होता."

"एवढंच ऐकायचं होतं मला."

मग ती उठली. घरात होतं नव्हतं तेवढं तेल तिनं मातीच्या दिव्यात ओतलं. पदर खोचला, म्हणाली, "चल. एवढ्या वाऱ्यात एकटीनं व्हायचं नाही."

दोघी खडकावर आल्या. म्हातारी नव्हती, नुसती कालवांची टरफलं होती. रेजीननं दिवा लावला. दोघींनी वाऱ्याकडे पाठ केली, मधे दिवा धरला. ज्योत हलली, वाकली, पण राहिली.

मग एक होडी आली, ती परक्याची. दुसरी आली, तीही परक्याची. रेजीननं दिव्यावरचा हात हलवला नाही. तेल तळाशी गेलं, तेव्हा तिसरी आली, ती पास्कोलची. दोर झेलायला छातीएवढ्या पाण्यात कोण उभं होतं? इनास. सांतान काठावर आला नि म्हणाला, "आई, काही दिसत नव्हतं. मग दोन बायका दिसल्या, नि मधे उजेड."

पुढच्या हंगामाला इनासची नवी होडी पाण्यात उतरली. खडकावर दिवा रोज लागतो. तेल एक दिवस या घरचं, एक दिवस त्या घरचं.

प्रभू येशू, रेजीनला जशी मागं फिरायची वाट दाखवली, तशी आम्हांला दाखवा. नि बायांनो, कुणाच्या दारात जायचं राहिलं असेल, तर आज घरी जाण्याआधी तिकडून जा. ही साठ लाटांची कहाणी पाच लाटांत काठाला लागली, सुफळ संपूर्ण झाली.