माहीत असलेली पेटी

सत्कारात माणूस जरा फुगतोच. इंग्रजीचे निवृत्त प्राध्यापक खांबेटे तर शाल अंगावर पडताच गरजले, "इंग्रजीतल्या 'कॅन'चा मूळ अर्थ 'जाणणे'. ज्याला माहीत असतं, त्याला जमतंच! 'माहीत होतं, पण जमलं नाही' म्हणणारे सगळे लबाड!"

टाळ्या ओसरल्यावर पहिल्या रांगेतून त्यांच्या पत्नी कुंदाताईंनी विचारलं, "अहो, मला पेटीचं वेड होतं, हे तुम्हाला माहीत होतं?"

"म्हणजे काय! पेटी ऐकूनच तर तुला पसंत केली."

"मग लग्नानंतर एकदाही 'वाजव' म्हणायला का नाही जमलं?"

सरांनी अंगावरची शाल काढून हातात घेतली.

घरी येताच सरांनी माळ्यावरची पेटी उतरवली, पुसली आणि पत्नीपुढे ठेवली. "वाजव."

कुंदाताईंनी संधिवाताने आखडलेली बोटं पट्ट्यांवर ठेवली आणि उचलली.

"सूर सगळे माहीत आहेत हो," त्या म्हणाल्या. "आता जमत नाही."