आधी घरी जाऊन भांडा

एकदा एक वृद्ध चित्रकार वेबसाइट तयार करून देण्याच्या व्यवसायात शिरले. उमेदीची वर्षे त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवण्यात घालवली होती. पाट्यांचा काळ सरला तेव्हा कपाळाला हात लावून न बसता ते संगणक शिकले. गावात सगळे त्यांना गुरुजी म्हणत. त्यांच्याकडे एक मुलगी हे काम शिकत असे. हात चांगला, बुद्धी तल्लख, धीर मात्र बेताचा.

तिला पहिले स्वतंत्र काम मिळण्याचा योग आला. तांब्या-पितळेच्या भांड्यांचे दुकान चालवणाऱ्या तीन भावांना वेबसाइट हवी होती. थोरल्याशी फोनवर बोलून मुलीने उत्साहाच्या भरात नमुनाही तयार केला. पहिल्याच पानावर त्यांच्या दिवंगत वडिलांचा भव्य फोटो, खाली घराण्याचा इतिहास. "काम मिळालं तर ते सर्वस्वी तुझं," गुरुजींनी शब्द दिला होता. तिने घरी आईला सांगूनही टाकले होते.

ठरल्या दिवशी तिघे भाऊ आले. मुलगी संगणक सुरू करायला गेली, तर गुरुजींनी तिला हळूच थांबवले. "आधी चहा," ते म्हणाले. चहा झाल्यावर त्यांनी एकेका भावाला आतल्या खोलीत बोलावले, दार लोटले आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला. "वेबसाइट उघडणाऱ्या माणसाने सगळ्यात आधी काय करावं, असं तुम्हाला वाटतं?" मुलगी शेजारी बसून ऐकत होती.

थोरला म्हणाला, "आमच्या अण्णांचा फोटो बघावा. मनोभावे हात जोडावेत."

मधला म्हणाला, "हॉटेलवाल्यांनी मोठ्या ऑर्डरी द्याव्यात. किरकोळ गिऱ्हाइकाची कटकट आता पुरे."

धाकट्याने दाराकडे पाहून आवाज खाली आणला. "मला तर शहरातली घरगुती गिऱ्हाइकंच हवीत. पण दादांना सांगू नका हं."

गुरुजी बाहेर आले आणि त्यांनी तिघांना हात जोडले. "तुमचं काम मी आज घेत नाही. तुम्ही आधी घरी जाऊन भांडा. अगदी मनसोक्त भांडा. मग या."

थोरल्याचा चेहरा लालबुंद झाला. "आमच्या घरात आजवर कुणी चढा आवाज काढलेला नाही!"

"तेच म्हणतोय मी," गुरुजी शांतपणे म्हणाले.

तिघे तरातरा निघून गेले. मुलीचे डोळे भरून आले. "हातातोंडाशी आलेला घास घालवलात, गुरुजी! नमुना तरी दाखवू द्यायचा होता. नसता आवडला तर बदलला असता."

"बदलला असतास, आणि बदलतच राहिली असतीस," गुरुजी म्हणाले. "थोरल्याने फोटो मोठा करायला सांगितला असता, मधल्याने काढून टाकायला. एकही भाऊ दुसऱ्या भावावर रागावला नसता, तिघेही तुझ्यावर रागावले असते. मी त्यांना हाकललं नाही गं. त्यांचं भांडण तेवढं त्यांना परत दिलं. आणि तूही एकाचंच ऐकून बसली होतीस."

शेवटचे वाक्य तिला झोंबले. तिने नमुना पुन्हा उघडून पाहिला. त्यात खरोखरच एकट्या थोरल्याचे दुकान होते. तिने तो पुसून टाकला आणि रडवेल्या चेहऱ्याने घरी गेली. आईला काय सांगायचे, हा प्रश्न होताच.

गेलेले भाऊ परत येतील याची गुरुजींना तरी कुठे खात्री होती? तरीही त्यांनी निरोप धाडला नाही की फोन केला नाही. मला त्या म्हाताऱ्याचे मोठेपण इथेच दिसते. आपण असतो तर दुसऱ्याच दिवशी काहीतरी निमित्त काढून दुकानात डोकावलो असतो.

काही आठवड्यांनी तिघे पुन्हा दारात उभे राहिले. थोरल्याचा घसा बसला होता.

"भांडलो, गुरुजी," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "अण्णा गेल्यापासूनचं साठलेलं सगळं निघालं. भांडता भांडता कळलं, की आमच्याकडे माणूस पहिल्यांदा येतो तो कल्हईला. भांडं कुठूनही घेतलेलं असो, आम्ही कल्हई करून देतो. अण्णांनीच सुरू केलं होतं हे. नवी भांडी लोक मागाहून घेतात."

"हॉटेलवालेसुद्धा," मधला म्हणाला.

"आणि घरगुतीसुद्धा," धाकटा म्हणाला. या वेळी त्याने आवाज खाली आणला नाही.

गुरुजी समाधानाने उठले आणि आपली खुर्ची त्यांनी मुलीपुढे सरकवली. "बस. काम तुझं. कर सुरू."

मुलीने संगणकाला हात लावला नाही. "आधी चहा," ती म्हणाली. मग नम्रपणे थोरल्याकडे वळली. "दादा, चहा झाला की जरा आत येता? एकटेच."

थोरला गुरुजींकडे बघू लागला. गुरुजींनी हसून त्याला आतल्या खोलीची वाट दाखवली, आणि स्वतः मात्र बाहेरच बसून राहिले.

कुणाच्या कामाला होकार देताना आपणही एवढे पाहावे, की जो बोलायला आला आहे त्याच्या घरी आणखी कोण गप्प बसले आहे.