राजाची पोथी आणि हरताळाची वाटी

एका राज्यात चंडकेतू नावाचा राजा होता. एका मांत्रिकाने दरबारात आपला ग्रंथ वाचायला घेतला आणि पहिल्याच श्लोकाला राजाने जांभई दिली. मांत्रिकाने ग्रंथ मिटला.

"आता तूच पोथी हो. जांभई न देता कोणी तुला शेवटपर्यंत वाचले, तर सुटशील. अमावस्येपर्यंत सुटला नाहीस, तर राणी तुझा उत्तरार्ध होईल."

राजाची पोथी झाली. लाल बासनात बांधून ती राजग्रंथालयात ठेवली. दरबारही तिथेच भरू लागला. लोक पोथीपुढे गाऱ्हाणे मांडीत, आणि न्याय मिळाला असे समजून घरी जात. कोणाला विशेष फरक जाणवला नाही.

राणी शीलावतीला जाणवला. केस विंचरताना तिची बोटे कागदासारखी सळसळत.

ग्रंथालयाचा राखणदार फळीवर बसणारा एक म्हातारा पिंगळा, म्हणजे लहानसे घुबड, होता. तो म्हणाला, "वाचताना जांभई देईल त्याची कसर होईल. कागद खात हिंडेल."

"स्तुती वाचण्यात आमचा जन्म गेला," म्हणत प्रधानजी बसले. तिसऱ्या दिग्विजयाला त्यांचे तोंड उघडले, आणि एक रुपेरी किडा फळीखाली पळाला. राजपुरोहित तोंडात मिरे धरून बसले. राजजन्माच्या पुष्पवृष्टीतच त्यांचीही कसर झाली.

तिसरी पाळी राणीची. अमावस्या उद्यावर आली होती.

पहिल्या पानावर राजाने नुसत्या हातांनी सिंह मारला होता. राणीच्या घशात जांभई दाटली. तो सिंह म्हातारपणाने मेला होता. तिने स्वतः पाहिले होते. तिने हरताळाची वाटी मागवली. लेखनिक चुकलेल्या अक्षरांवर ही पिवळी माती फासतात. तिने सिंहावर कुंचला फिरवला. जांभई परत गेली.

पिंगळा दचकला. "जपून, राणीसाहेब. तो सिंह म्हणजे महाराजांची मांडी असावी."

"लंगडे चालतील."

मग तिने दिग्विजय पुसले. त्या वेळी महाराज पोटदुखीने तंबूत निजले होते. पुष्पवृष्टी पुसली. पानांमागून पाने पिवळी झाली.

"आता आत कोणी उरले आहे का, पिंगळेबुवा?"

"मला कसे ठाऊक? मी पोथ्या राखतो, नवरे नाही."

शेवटच्या पानावर एक म्हातारी हत्तीण मरत होती. राजा एकटाच तिच्या सोंडेपाशी बसून माशा वारीत होता. हे राणीला ठाऊक नव्हते. खरे की खोटे, तिला ठरवता येईना. कुंचल्यातून हरताळ ठिबकत राहिला. ती जांभईची वाट पाहत थांबली.

जांभई आली नाही. तिने कुंचला खाली ठेवला आणि 'इति' वाचले.

बासनातून राजा लंगडत बाहेर आला. तो राणीच्या कमरेएवढा होता. मुकुट घरंगळून त्याच्या गळ्यात अडकला.

"माझा सिंह कुठे आहे?"

"म्हातारपणाने मेला, महाराज."

"आणि हत्तीण?"

"ती आहे."

राजाने मान हलवली आणि राणीचे बोट धरले. ते पुन्हा मऊ झाले होते.

सिंहासनाचे पाय कापून घेतले. प्रधान आणि पुरोहित माणसांत आले, पण अर्ज पुढे ठेवला की प्रधानजींच्या तोंडाला अजून पाणी सुटते. बाकी सारे पूर्ववत झाले. राजा शापातून सुटला, राणी उत्तरार्धातून सुटली, आणि ऐकणारे जांभईतून सुटले.